कॉर्टिसॉल ‘नॉर्मल’, पण एमआरआयमध्ये गाठ : कुशिंग सिंड्रोम आहे की नाही, हे कसे ठरवतात?

अनघा, सिंहगड रस्ता

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीविषयी विचारायचे आहे. ती ३४ वर्षांची असून हिंजवडीतील एका कंपनीत गेली काही वर्षे रात्रपाळीला काम करते. साधारण दीड वर्षापासून तिचे वजन वाढत आहे; पण ते सर्वांगाने वाढलेले नाही. पोट, चेहरा आणि मानेचा मागचा भाग भरला आहे, हातपाय मात्र पूर्वीपेक्षा बारीक दिसतात. चेहरा गोल आणि लालसर झाला आहे, हनुवटीवर केस येऊ लागले आहेत आणि पाळी दोन-दोन महिने येत नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पीसीओएसचे (अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाचे) निदान करून गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या, त्या ती अजून घेते. थायरॉइडची तपासणी व्यवस्थित आली. मधल्या काळात रक्तदाब १५०/१०० निघाला आणि उपाशीपोटीची साखर १३२.

मला स्वतःला दोन गोष्टी जास्त खटकतात. ओट्याचा कोपरा जरासा लागला तरी तिच्या अंगावर काळानिळा डाग उठतो आणि तो बरेच दिवस जात नाही. दुसरे म्हणजे, जमिनीवर जेवायला बसली की उठताना तिला हात टेकावे लागतात.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सकाळचे कॉर्टिसॉल करून घेतले. ते २२ आले आणि प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेत असल्यामुळे ‘काही नाही’ असे सांगण्यात आले. त्यानंतर डोकेदुखीसाठी दुसऱ्या एका ठिकाणी मेंदूचा एमआरआय झाला, त्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत ४ मिलिमीटरची लहान गाठ असावी असे लिहिले आहे. आता घरातले एक नातेवाईक थेट मेंदूच्या शल्यविशारदांकडे जा म्हणतात, तर डॉक्टर म्हणतात की रक्त चांगले आहे, तेव्हा गाठीकडे दुर्लक्ष करा. दोघांपैकी कोणाचे ऐकावे? रात्रपाळीचा आणि गोळ्यांचा या तपासण्यांशी काही संबंध असतो का? आणखी एक, जांघेतील गजकर्णासाठी ती औषधांच्या दुकानातून आणलेले एक मलम बरेच महिने लावत आहे. तेही डॉक्टरांना सांगायला हवे का?

मेडिसिनचा निवृत्त शिक्षक

अनघाताई, दोघांचेही ऐकू नका, कारण दोघेही अपुऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढत आहेत. कुशिंग सिंड्रोम म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक किंवा तसेच एखादे स्टिरॉइड दीर्घकाळ जास्त राहिल्याने होणारा आजार. सकाळचे एक कॉर्टिसॉल मर्यादेत आले म्हणून कुशिंग सिंड्रोम नाही असे म्हणता येत नाही आणि एमआरआयमध्ये बारीकशी गाठ दिसली म्हणून तो आहे असेही ठरत नाही. या आजाराच्या निदानात तपासण्यांपेक्षा त्यांचा क्रम अधिक महत्त्वाचा असतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो उलटा झाला आहे.

कॉर्टिसॉल निरोगी माणसातही सकाळी भरपूर असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली जाते. कुशिंगमध्ये पहिला बिघाड होतो तो या उतारात; रात्री जे कमी व्हायला हवे ते होत नाही. त्यामुळे सकाळचा आकडा रुग्णात आणि निरोगी माणसात बहुतेक वेळा सारखाच दिसतो. त्यातही तुमची बहीण गर्भनिरोधक गोळ्या घेते. त्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि एकूण कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो, मग प्रत्यक्ष काम करणारे मुक्त कॉर्टिसॉल वाढलेले असो वा नसो. म्हणून या २२ ला कुशिंग ठरवण्यासाठी किंवा फेटाळण्यासाठी काहीही किंमत नाही.

आता गाठीविषयी. कोणत्याही तक्रारी नसलेल्या शंभर माणसांचे पिट्युटरीचे एमआरआय काढले, तर त्यांतील दहाएक जणांत अशी बारीक गाठ सापडते आणि ती निरुपद्रवी असते. उलट पिट्युटरीतील गाठीमुळेच कुशिंग झालेल्या अनेक रुग्णांत ती इतकी लहान असते की एमआरआयमध्ये दिसतच नाही. म्हणूनच कॉर्टिसॉल जास्त आहे हे सिद्ध होण्यापूर्वी एमआरआय काढू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना बजावत असू. आता तो निघालाच आहे, तर फाइलमध्ये ठेवा आणि तूर्तास विसरा. (पाळीची तक्रार असल्यामुळे प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे दुसरे संप्रेरक मात्र एकदा पाहून घ्यावे.)

असे असले तरी तुमचा संशय मला निराधार वाटत नाही. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, अनियमित पाळी, चेहऱ्यावरील केस हे सगळे पीसीओएसमध्येही असते आणि पुण्यात अशा तरुणी कोणत्याही दवाखान्यात रोज दिसतात. त्या प्रत्येकीत कुशिंग शोधत बसणे योग्य नव्हे. पण सहज उठणारे काळेनिळे डाग आणि बसल्या जागेवरून उठताना येणारी अशक्तता ही पीसीओएसची लक्षणे नाहीत. कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहिले की त्वचेतील आणि स्नायूंतील प्रथिने झिजतात; त्वचा पातळ होते, तिच्यातील बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि मांड्या व खांदे यांच्या स्नायूंची ताकद जाते. चेहऱ्याची लाली, हे डाग, ही अशक्तता आणि पोटावर किंवा काखेत एक सेंटिमीटरहून रुंद जांभळट पट्टे, ही चार लक्षणे कुशिंगला साध्या लठ्ठपणापासून बऱ्यापैकी वेगळे काढतात. गरोदरपणानंतरचे किंवा वजन वाढल्यावरचे पांढुरके, बारीक व्रण यात धरू नयेत.

पहिला प्रश्न मात्र नेहमी हाच विचारावा, की बाहेरून स्टिरॉइड शरीरात जात आहे का? कुशिंग सिंड्रोमचे सर्वांत मोठे कारण पिट्युटरी किंवा मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथी नसून औषधे हे आहे. गोळ्या, सांध्यात घेतलेली इंजेक्शने, दम्याचे पंप, नाकातील फवारे, मलमे आणि लेबल नसलेली चूर्णे यांची संपूर्ण यादी करा. ते मलम तर अवश्य सांगा.

त्यानंतर तपासण्या. जगभर मान्य असलेल्या तीन प्राथमिक तपासण्या आहेत : २४ तासांच्या लघवीतील मुक्त कॉर्टिसॉल, रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉल आणि रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलेले कॉर्टिसॉल. लघवी आणि लाळ यांच्या तपासण्या किमान दोनदा कराव्या लागतात, कारण कॉर्टिसॉलची पातळी दिवसागणिक बदलते. डेक्सामेथासोनच्या तपासणीत निरोगी माणसाची पिट्युटरी बाहेरून आलेले स्टिरॉइड ओळखते आणि थांबते, त्यामुळे सकाळचे कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाते. कुशिंगमध्ये ते तसे दबत नाही. दोन वेगवेगळ्या तपासण्या स्पष्टपणे बिघडलेल्या आल्या, तरच निदान पक्के धरावे.

तुमच्या बहिणीसाठी कोणती? ती रात्री जागते आणि दिवसा झोपते, तेव्हा तिची मध्यरात्र इतरांच्या मध्यरात्रीसारखी नाही. लाळेची तपासणी फसवी ठरेल. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना डेक्सामेथासोनची तपासणी खोटी सकारात्मक येऊ शकते. त्यासाठी गोळ्या सहा आठवडे बंद ठेवाव्या लागतात आणि तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच, पर्यायी साधनाची सोय करून घ्यायचा असतो. लघवीच्या तपासणीत मुक्त कॉर्टिसॉलच मोजले जात असल्यामुळे या गोळ्यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. म्हणून सुरुवात तिथून करावी, असे माझे मत आहे. सोबत पोटॅशियम आणि क्रिअॅटिनिन पाहावे. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरक-ग्रंथींचा तज्ज्ञ) गाठावा, खाजगी तज्ज्ञांचा खर्च झेपणारा नसेल तर ससूनच्या मेडिसिन ओपीडीत जुने सर्व कागद घेऊन जावे. आणखी गुंतागुंत निघालीच, तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे परळच्या, आपल्या रास्ता पेठेतल्या नव्हे, या विषयाचा दीर्घ अनुभव असलेला एंडोक्रायनॉलॉजी विभाग आहे.

नमुना_संकलन

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करतो. वरील प्रतिसादाला पूरक अशा काही व्यावहारिक गोष्टी लिहितो, कारण या तपासण्या यंत्रापेक्षा नमुना घेतानाच जास्त बिघडतात.

लघवी गोळा करायला सुरुवात करताना सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी, असा प्रत्येक थेंब कॅनमध्ये जायला हवा. एक वेळची जरी राहिली तरी आकडा खोटा कमी येतो. म्हणून आम्ही त्याच नमुन्यात क्रिअॅटिनिनही मोजतो, त्यावरून संकलन पूर्ण झाले की नाही याचा अंदाज येतो. कॅन थंड जागी ठेवावा. त्या दिवशी नेहमीइतकेच पाणी प्यावे. दिवसाला पाच लिटरच्या वर पाणी पिणाऱ्यांत हा आकडा खोटा वाढतो. मूत्रपिंडे बरीच अशक्त असतील तर ही तपासणी उलट खोटी कमी येते, त्यामुळे डॉक्टरांनी सुचवलेले रक्तातील क्रिअॅटिनिन आधी पाहणे योग्यच आहे.

केस गळतात म्हणून बहीण बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर त्या तपासणीच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्यात. काही यंत्रांच्या पद्धतीत बायोटिनमुळे कॉर्टिसॉल खोटे जास्त आणि एसीटीएच (अॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारे पिट्युटरीचे संप्रेरक) खोटे कमी दिसते, म्हणजे नेमकी दिशाभूल करणारी जोडी तयार होते.

पुढे कधी लाळेची तपासणी झालीच, तर खोकल्यासाठी चघळायचे ज्येष्ठमध काही दिवस आधीपासून बंद ठेवा. शरीरातील एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. ज्येष्ठमध त्याच विकराला अडवते आणि लाळेतील कॉर्टिसॉल वाढलेले दिसते. ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते, हेही डॉक्टरांच्या कानावर असावे. ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण घरात कोणी त्याला औषध समजत नाही.

डेक्सामेथासोनच्या ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान घ्यायच्या आणि सकाळी आठ ते नऊमध्ये रक्त द्यायचे असते. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर यकृत डेक्सामेथासोनचा लवकर निचरा करते आणि तपासणी खोटी सकारात्मक येते. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण पाहता हा मुद्दा लहान नाही. अहवाल वाचताना एकक पाहा. १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ५० नॅनोमोल प्रति लिटर. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या एककाच्या मर्यादेशी ताडून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

औषधांच्या काउंटरवरून

त्या मलमाच्या नळीवरील बारीक अक्षरे वाचा. गजकर्णासाठी सर्रास मागितल्या जाणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोक तेच पुन्हा मागतात आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते. जांघेतील त्वचा पातळ असल्याने तिथून औषध जास्त शोषले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे कायद्याने ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळे जाणतोच.

गुडघेदुखी आणि दम्यासाठी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचेही तसेच आहे. ‘आयुर्वेदिक’ म्हणून दिलेल्या पुडीने चार दिवसांत सांधे हलू लागले आणि भूक उसळली, तर तिच्यात स्टिरॉइड असण्याचा संशय घ्यावा. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, तेव्हाही असाच चमत्कार दिसला होता आणि थोड्याच काळात गोल चेहऱ्यांसह त्याचे दुष्परिणामही पुढे आले.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. स्टिरॉइड बरेच दिवस घेतले असेल, तर ते कळताच एकदम बंद करू नये. स्वतःच्या अॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. अचानक पुरवठा तुटला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. कमी कसे करायचे हे डॉक्टरच ठरवतील.

पर्वती पायथा

मी या आजारातून गेलेली आहे, म्हणून लिहिते. मला पिट्युटरीतील गाठीमुळे कुशिंग होता. रोज सकाळी पर्वती चढण्याची मला सवय होती. ती चढण आधी अवघड झाली, मग अर्ध्यावर थांबावे लागू लागले आणि शेवटी बसची पायरी चढतानाही दांडा धरून स्वतःला वर ओढावे लागे. धाप लागत नव्हती, मांड्याच उचलत नव्हत्या, हा फरक मी अनेकांना समजावून सांगितला. प्रत्येकाने वजन कमी करा असाच सल्ला दिला. नंतर कळले की पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी तीनेक वर्षे जातात, आणि मला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

तुम्हांला दोन गोष्टी सुचवते. बहिणीचे दरवर्षीचे एकेक छायाचित्र, शक्यतो समोरून काढलेले, एकत्र करून न्या. रोज पाहणाऱ्यांना चेहऱ्यातील बदल जाणवत नाही, पण छायाचित्रे शेजारी ठेवली की तो डॉक्टरांना लगेच दिसतो. (आधार कार्डावरचे छायाचित्र नेऊ नका, ते निरोगी माणसाशीही जुळत नाही.) दुसरे म्हणजे तिची झोप, चिडचिड, रडू येणे यांविषयी मोकळेपणाने सांगा. माझ्या बाबतीत उदासीनता आधी आली होती आणि तिला घरच्या कटकटी कारण असतील असे सर्वांनी गृहीत धरले.

माझ्या एमआरआयमध्ये गाठ दिसलीच नव्हती. रक्तातील एसीटीएच वाढलेले असल्याने कारण अॅड्रिनलमध्ये नाही हे ठरले. पण ते पिट्युटरीत आहे की छातीत किंवा अन्यत्र लपलेल्या एखाद्या गाठीत, हे कळण्यासाठी मांडीतील शिरांतून नळ्या घालून पिट्युटरीच्या दोन्ही बाजूंच्या शिरांतील रक्त घ्यावे लागले. तिथले एसीटीएच हातातील शिरेतल्या रक्तापेक्षा दुपटीहून अधिक निघाले, आणि मग नाकावाटे शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे महिने सोपे नसतात हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. शरीराला जास्त कॉर्टिसॉलची सवय झालेली असते; गाठ निघाल्यावर अंग मोडून येते, भूक जाते, सांधे दुखतात आणि स्वतःची यंत्रणा जागी होईपर्यंत हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ताप किंवा उलट्या झाल्यास डोस वाढवायचा असतो, त्याची सूचना लिहिलेले कार्ड मी पर्समध्ये ठेवत असे.

अनघा, सिंहगड रस्ता

सर्वांचे मनापासून आभार. मलमाच्या नळीवर खरोखरच क्लोबेटासोल लिहिलेले आहे. दम्याचा पंप, इंजेक्शन, चूर्ण यांपैकी काही नाही. केसांसाठी बायोटिन मात्र ती घेत होती. पोटावर जांभळट पट्टे आहेत का, हे मी आज पाहिले; बेंबीच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि बोटाएवढे रुंद आहेत. एंडोक्रायनॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली आहे. आता मनात शंका येते की हा सगळा प्रकार त्या मलमामुळेच तर नसेल? आणि लघवीचे संकलन तिने सुटीच्या दिवशी केले तर चालेल का?

मेडिसिनचा निवृत्त शिक्षक

शंका रास्त आहे आणि तिच्या उत्तरासाठी तो २२ चा आकडा, ज्याला मी वर किंमत नाही म्हटले, तोच थोडा उपयोगी पडतो. मलमातील क्लोबेटासोल इतक्या प्रमाणात शोषले गेले असते की त्यानेच कुशिंग व्हावा, तर तिच्या स्वतःच्या ग्रंथी दबून सकाळचे कॉर्टिसॉल अगदी खाली आले असते. गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि बायोटिनने आकडा फुगतो हे जमेस धरूनही, ते दबलेले असल्याची शक्यता मला कमी वाटते. म्हणून मलमाला एकट्याला दोष देऊन थांबू नये. बायोटिन थांबवून तीच तपासणी एसीटीएचसह पुन्हा केली की हा प्रश्न निकालात निघेल. जांघेतील पट्टे मलमाने होऊ शकतात, पोटावरचे तसे समजवता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून ते मलम बदलून घ्यावे, पण आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टना ते दाखवावे.

कॉर्टिसॉल जास्त असल्याचे सिद्ध झाले, तर पुढची दिशा एसीटीएच दाखवील. ते १० पिकोग्रॅमच्या खाली असले तर अॅड्रिनलचा सीटी स्कॅन, २० च्या वर असले तर पिट्युटरीकडे लक्ष. तेव्हा ती ४ मिलिमीटरची गाठ पुन्हा चर्चेत येईल; मात्र सहा मिलिमीटरहून लहान गाठीवर तेवढ्याने विसंबून शस्त्रक्रिया करत नाहीत, वर ताईंनी वर्णन केलेली शिरांतील रक्ताची तपासणी बहुधा आधी सुचवतील.

नमुना_संकलन

सुटीच्या दिवशी संकलन केलेले उत्तमच, फक्त दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडी आहे याची खात्री करा. रात्रपाळीवरून सकाळी घरी येऊन लगेच सुरुवात करण्यापेक्षा, आदल्या रात्री झोप झालेली असेल असा दिवस निवडावा. दोन वेगवेगळ्या सुट्यांना दोन नमुने द्यावेत. एसीटीएचसाठी मात्र घरी माणूस बोलावू नका. ते रक्त जांभळ्या झाकणाच्या थंड केलेल्या नळीत घेऊन बर्फात ठेवावे लागते आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये तातडीने वेगळे करावे लागते. उशीर झाला तर एसीटीएच विघटित होऊन आकडा खोटा कमी येतो आणि मग विनाकारण अॅड्रिनलचे स्कॅन होतात. मुख्य प्रयोगशाळेत सकाळी स्वतः जा आणि नळी बर्फात ठेवलेली तुमच्या डोळ्यांनी पाहा. लघवीच्या कॅनवर नाव, संकलन सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, तसेच चालू असलेल्या गोळ्यांची नावे लिहून द्या.